एकदा होऊन गेल्यावर

जिथं माणसांना नुसतं बसवून ठेवतात, तिथं किस्से साचतातच! परळच्या हॉस्पिटलात तपासणीला येणाऱ्या जुन्या कॅन्सरवाल्यांचं एक बाक होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. डावा स्तन काढल्यापासून माझी बायको कुमुद तिथं दर सहा महिन्यांनी जायची, मी सोबतीला. ती आता नाही. किस्से आहेत.

*

बाकाचे पुढारी सावंत. लालबागला गिरणीत कामाला, गालाचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू सुटली?"

"कधीच! आता फक्त मिश्री."

"अहो, मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच! आणखी एक कॅन्सर ओढवून घ्याल."

"पण डॉक्टर, आजार गालाक होतो. मिश्री दातांक लावतंय!"

*

ऑपरेशननंतर सावंतांचं तोंड धड उघडत नसे. तरी एकही सभा चुकवायचे नाहीत.

"मग घोषणा कशी देता?" कुमुदनं विचारलं.

"बाकीचे वरडतत, मी नुसतो हात वर करतंय. पोलीस मात्र माकाच पकडतत!"

*

एकदा नेमका तपासणीच्या दिवशी हरताळ. ट्राम नाही, बस नाही. गिरगावातून परळपर्यंत आम्ही चालत गेलो. डॉक्टर थक्क!

"सगळी मुंबई बंद आहे. आज नसता आलात तरी चाललं असतं."

"मग तुम्ही कशाला आलात?" कुमुद म्हणाली.

*

तिला धीर द्यायला सावंत नेहमी म्हणायचे, "वैनी, देवीचो रोग एकदा येवन गेलो की परत येत नाय. ह्याचा पण तसांच!" तिला ते पटलं होतं. मलाही. आणि मी ग्रॅज्युएट!

मग उजवीकडे गाठ लागली.

डॉक्टर म्हणाले, "जुना परतलेला नाही. हा नवा आहे, वेगळा. एकदा झालेल्याला दुसरा होऊ शकतो, म्हणून तर तपासत होतो."

"म्हणजे तुमचं पहिलं काम चोख झालं होतं," कुमुदनं डॉक्टरांचीच समजूत घातली.

बाहेर सावंत गाठीचं ऐकून मान खाली घालून बसलेले. त्यांच्याजवळ बसत ती म्हणाली, "मामा, देवी येऊन गेल्या म्हणून कांजिण्या थांबतात का?"

*

डॉक्टरांनी शुक्रवारी उजवीकडचंही ऑपरेशन करू म्हणून सांगितलं होतं. "विचार करून सांगते," एवढंच कुमुद म्हणाली. घरी तिनं विषय काढला नाही.

बुधवारी ती मला घेऊन गिरगावातल्या आमच्या शिंप्याकडे गेली. तिच्या ब्लाउजला डावीकडे आतून कापसाची घडी बसवायची, हे त्याला सांगावं लागत नसे. तिनं नवा खण पुढे केला.

"माप तेच ना, बाई?"

"कापड ठेवून घ्या," कुमुद म्हणाली. "माप शुक्रवारनंतर देते."