सासऱ्यांनी उघडलेलं इंजिन

माझी मोटरसायकल ज्या घरी जायची, तिथं तेलाचा डाग सोडून यायची. मी कुठं बसून आलो ते बायकोला न विचारताच कळायचं. त्यात सेल्फ बिघडला. बटण दाबलं की मोटर नुसती घुर्र करायची, इंजिन जागचं हलायचं नाही. किक शाबूत होती, पण माझा उजवा गुडघा नव्हता.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. मोटरचा जोर इंजिनापर्यंत नेणारा स्टार्टर क्लच सटकतोय, हे मला ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि पाना हातात धरणं वेगळं.

एका रविवारी आम्ही भालकीजवळच्या मेहकरला सासुरवाडीला गेलो. "या जावईबापू," म्हणत सासऱ्यांनी एक घमेलं आणलं आणि गाडीखाली सरकवलं. गाडी बाहेर लावा असं जावयाला सांगता येत नाही. चहा होईपर्यंत घमेल्यात चार थेंब पडले. ते बघत सासरे म्हणाले, "उघडून बघू का?"

हा माणूस विहिरीवरचं डिझेल इंजिन आयुष्यभर स्वतःच दुरुस्त करत आलेला. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

तेल काढून डाव्या बाजूचं कव्हर उघडलं. आतलं पॅकिंग कुजलेल्या पानासारखं हातात आलं. गळती तिथूनच होती. क्लच होता मॅग्नेटच्या, म्हणजे आतल्या जड चाकाच्या मागं, आणि ते चाक ओढून काढायचं हत्यार आमच्याकडं नव्हतं. सासऱ्यांच्या मोपेडवर मागं बसून मी भालकीला मिस्त्रीकडं गेलो. त्यानं हत्यार दिलं, नवं पॅकिंग, सीलंटची ट्यूब आणि क्लचचे तीन रोलर दिले. रोलरमागच्या स्प्रिंगा संपल्या होत्या, जुन्याच वापरा म्हणाला. निघताना हळूच बोलला, "सर, खोलनेको सब खोलतईं. बंद कर को दिखाव."

परत येऊन मॅग्नेट काढलं. जुने रोलर एका अंगानं झिजून चपटे झाले होते. मी एक ढिला केला आणि त्यामागची स्प्रिंग उडाली. सासरे आणि मी अंगणात रांगत शोधू लागलो. ओसरीवर सासूबाई सुपात तूर निवडत होत्या. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "तुरीत अळी निघाली. पण ही हलंना कामून?"

स्प्रिंग मिळाली, रोलर बसले. कव्हरच्या कडा खरवडून साफ केल्या. मग सीलंटवरून आमची जुंपली, अर्थात अतिशय आदरानं. पुन्हा गळायला नको म्हणून मी ट्यूब पिळत सुटलो.

"जावईबापू, काय करायलात?" सासरे म्हणाले. "पोळीला तूप लावल्यागत लावा. भाकरीवर पिठलं वाढायलात तुमी."

मी जास्तीचं पुसून काढलं. बोल्ट त्यांनीच आवळले, समोरासमोरचे, थोडे थोडे करत. लगेच तेल ओतू म्हटलं तर त्यांनी डबा उचलून आत नेला. "उद्या सकाळी. वाळू द्या."

ट्यूबवरही तेच लिहिलं होतं. मी हेडमास्तरांना फोन करून उद्याची रजा मागितली आणि कव्हर वाळायलंय असं खरं कारण सांगितलं. ते म्हणाले, "बरं. काळजी घ्या."

सोमवारी सकाळी तेल भरलं. मी बटण दाबलं. घुर्र झालं नाही. इंजिन सरळ सुरू झालं. सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. सासऱ्यांनी गाडीखाली पेपर अंथरला आणि ते उकिडवे बसून राहिले. अर्ध्या तासानं पेपर उचलून दोन्ही बाजूंनी बघितला. कोरडा होता. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्याकडून मला जावई म्हणून नव्हे, कामाचा गडी म्हणून पाठीवर थाप मिळाली. शर्टावर पाच काळी बोटं उमटली. तो शर्ट मी तसाच घालून घरी आलो.

आता त्यांचा फोन दर रविवारी बायकोला येतो. पहिला प्रश्न ठरलेला, "गळायलंय का?"

"न्हाई, अप्पा," ती सांगते. "आन् मी बी बरी हाय."

"व्हय का. बरं, सेल्फ?"