सरांचं इंजिन आणि माझं गॅस्केट

मोटरसायकलींची स्टॉक क्लासची शर्यत म्हणजे कंपनीतून आलेलं इंजिन जसंच्या तसं पळवायचं. मांजरसुंब्याच्या अलीकडं एका प्लॉटिंगचा सरळ डांबरी रस्ता आम्ही मालकाला विचारून धरला होता. दोघांनी सोबत सुटायचं, आधी पोचेल तो पुढच्या फेरीत. माझी फेरी होती क्लासला फिजिक्स शिकवणाऱ्या सरांशी.

सरांवर माझा संशय होता. मॉडेल माझ्याच गाडीचं, पण सरावात त्यांची नंबरप्लेट वाचायच्या आत दिसेनाशी व्हायची. शिवाय सर्व्हिसिंगला ते गाडी थेट लातूरला न्यायचे. कावून? बीडात मिस्त्री मेलेत का?

म्हणून शर्यतीच्या सकाळी, चहा घेता घेता मी नियम मांडला. "इंजिनातला प्रत्येक पार्ट कंपनीच्या डब्यातलाच पाहिजे. लोकल वॉशर जरी निघाला तरी गाडी बाद."

"वॉशरनं गाडी पळती व्हय?" सर म्हणाले.

"सर, चोरी तिथूनच सुरू होते."

सगळ्यांना पटलं. तपासणीला बसलेले मिस्त्री म्हणाले, "ज्याच्यावर शक हाय त्याचं इंजिन खोलू."

मी सरांकडं बघितलं. बाकी सगळ्यांनी माझ्याकडं.

"याला एवढं बारीक कसं ठाऊक बे?" मागून कुणीतरी म्हणालं.

तेव्हाच 'नका खोलू' म्हणायला हवं होतं. पण माझी गाडी पळते असा संशय आजवर कुणी घेतला नव्हता. मी नुसता गालात हसलो. त्या हसण्यानं घात केला. मिस्त्रींनी माझ्या इंजिनाचं हेड उतरवलं, आत वाकून बघितलं.

"कंपनीचंच हाय. लई थकलंय बिचारं."

लोक हसून हसून खाली बसले. पण हेडखालचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातली पातळ चकती, निघताना फाटलं होतं. मिस्त्रींनी पिशवीतून दुसरं काढलं.

"डबा कुठंय?" सरांनी विचारलं. डबा नव्हता. लोकल होतं. रविवार, शोरूम बंद.

"सर, गॅस्केटनं गाडी पळती का?"

"नियम तुमीच मांडला की."

मी बाद. सरांना एकट्यानंच फेरी पुरी करायची होती, तर ते भाजी आणायला निघाल्यागत सावकाश गेले. मिस्त्री खाली बसून माझ्या गाडीला तेच लोकल गॅस्केट लावत होते.

"बघितलं? सर इंजिनाचा आवाज कुणाला ऐकू देत न्हाईत," मी त्यांच्या कानाशी म्हणालो.

मिस्त्रींनी मानही वर केली नाही. "हेड धरा," म्हणाले.