ठवरे सरांचं मैदान

चूक झाली की ठवरे सर कॉम्प्युटरच्या खोलीतून उठत, व्हरांड्यातल्या लाकडी बाकावर जाऊन बसत आणि कुणी काहीही म्हटलं तरी आत येत नसत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते तिथेच होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नागपुरातल्या एका तंत्रनिकेतनात मी नुकतीच शिकवायला लागले होते. बाकावर चाळिशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा माणूस अनवाणी बसलेला. मी विचारलं, "ठवरे सर कुठे भेटतील?"

"मीच आहो, मॅडम. पण मी सध्या बाद आहो."

झालं होतं असं, की त्यांच्या हातून भलतंच बटण दाबलं जाऊन मुलांचं सकाळपासूनचं काम पुसलं गेलं होतं. सर एके काळी विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेले. कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर जाऊन बसतो, आणि आपल्या बाजूनं समोरचा एक गडी मारला की तो पुन्हा जिवंत होऊन आत येतो. सरांनी हा नियम मैदानातून उचलून थेट नोकरीत आणला होता. "तुम्ही आत जाऊन एखादं काम जमवा," ते मला म्हणाले. "एक मारला म्हणून सांगा, मंग मी येतो." आता काय बोलणार? मी आत गेले, एका मुलाचा अडकलेला प्रोग्रॅम चालू करून दिला आणि दारात येऊन कसंनुसं म्हटलं, "सर, एक मारला." सर लगेच उठले, पायपुसण्यावर पाय पुसले आणि काही झालंच नाही अशा थाटात माझं गाव विचारू लागले.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना हे सगळं नाटक वाटेल. मलाही तेव्हा वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यासोबत मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. प्राचार्य फेरीवर यायचे, गणिताचा एवढा जुना प्राध्यापक शिक्षा झालेल्या पोरासारखा बाकावर बसलेला पाहायचे आणि माझ्याकडे बघून भुवई उडवायचे. एकदा मी चिडून म्हटलं, "सर, चूक कुणाची होत नाही? बाहेर बसून मिळतं काय?"

"मिळत काही नाही, मॅडम. पण बाद झालेला माणूस मैदानात फिरताना दिसला, का पूर्ण टीमची लाज जाते."

आमचा कॉम्प्युटरही तसा बाद झालेलाच होता. एका मोठ्या कॉलेजनं नवा घेतला तेव्हा जुना आमच्या गळ्यात मारला होता. पडदा म्हणून घरच्यासारखा टीव्ही, आणि प्रोग्रॅम चढवायचा तो कॅसेटवरून, तेही मशीनच्या मनात असेल तर. या मशीनवर सरांनी कबड्डीचा खेळ बनवायला घेतला. वार्षिक प्रदर्शनासाठी, असं ते सगळ्यांना सांगत. खरं कारण होतं काकाजी.

काकाजी म्हणजे नागपुरातल्याच इंदोऱ्यात सरांना आणि त्यांच्या वस्तीतल्या सगळ्या पोरांना कबड्डी शिकवणारे गुरू. दिवसा कापडगिरणीत काम आणि संध्याकाळी मैदान, असं त्यांचं आयुष्य गेलेलं. सर सांगायचे, की आता त्यांचे गुडघे गेले, मैदानावर घरं उभी राहिली, आणि म्हातारा खाटेवर बसून भिंतीकडे पाहत असतो. सर एका भेटीत भावनेच्या भरात त्यांना म्हणून बसले, "काकाजी, तुम्ही मैदानात येऊ शकत नाही, तर मी तुमच्यासाठी टीव्हीत मैदान बनवतो." काकाजींनी ते अख्ख्या वस्तीला सांगितलं. आता शब्द मोडायची सोय राहिली नव्हती.

खेळ तयार झाला, पण बघवेना. चढाई करणारा गडी एक पाऊल टाकी, मग सगळं मैदान पुसलं जाई, पुन्हा रेघा, पुन्हा समोरचे सात गडी, आणि मग कुठे त्याचं दुसरं पाऊल. गडी असा झटके खात जायचा की बघणाऱ्याचीच मान दुखावी. आणि वेग मोजायची सरांची रीत काय, तर स्वतःचा दम. ते छाती भरून श्वास घेत, कळ दाबत आणि "कबड्डी, कबड्डी" म्हणायला लागत. पडद्यावरचा गडी परत येईपर्यंत दम टिकला तर प्रोग्रॅम पास. तो टिकत नसे. सरांचा चेहरा जांभळा पडे आणि गडी अजून तिकडेच रेंगाळत असे. शेजारच्या खोलीतले लोक दारात येऊन हसू दाबत, आणि मी कपाटात काहीतरी शोधत असल्याचं सोंग करी.

"घड्याळ लावा ना सर," मी म्हणे.

"घड्याळाले दम असते का, मॅडम? काकाजी घड्याळ घेऊन थोडी पाहतीन."

त्यांनी पडद्यावरचे प्रेक्षक काढून टाकले, गुणफलक काढला, गड्यांचे हातसुद्धा काढले. थोडा फरक पडला, पुरेसा नाही. मग प्रदर्शन तोंडावर आलं असताना एका सकाळी मी आत आले तर गडी सरसर जात होता, शिवत होता, परत येत होता. सर अर्ध्याच दमात थांबले तरी तो आलेला असे. मी टाळ्या वाजवल्या. "कसं जमवलंत?" सर माझ्याकडे न बघता म्हणाले, "जमलं कसंतरी." एवढं यश मिळवलेल्या माणसाचा चेहरा असा पडलेला का, हे मी तेव्हा विचारलं नाही.

प्रदर्शनाला काकाजी रिक्षातून आले. धोतर, पांढरी टोपी, दोन्ही बाजूंनी दोन माणसं धरलेली. पायऱ्यांवर ते मध्येच थांबले तेव्हा मला वाटलं, गुडघे. त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं. सरांनी कळ दाबली आणि पडद्यावर गडी निघाला तसे काकाजी ताठ झाले, त्यांचे ओठ हलू लागले आणि बारीक आवाजात, पण न तुटता, "कबड्डी, कबड्डी" सुरू झालं. गडी मध्यरेषेला परत आला आणि काकाजी थांबले. सभागृहात टाळ्या पडल्या. म्हाताऱ्याच्या तोंडावर असा काही आनंद होता की माझे डोळे भरून आले.

मग त्यांनी पडद्याकडे नीट निरखून पाहिलं आणि सरांना नावानं हाक मारली.

"पांडू, हे तं बायायचं मैदान हाये. काहून गा?"

बायकांचं मैदान पुरुषांपेक्षा लहान असतं, हे मला तेव्हाच कळलं. सरांनी मैदान छोटं केलं होतं. मशीनला काढायला कमी, गड्याला चालायला कमी. प्राचार्य हसत म्हणाले, "जाऊ द्या हो आजोबा, खेळच आहे." पण सरांचे कान लालभडक झाले होते. ते सगळ्यांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मशीन हळू होती म्हणून मी मैदान कापलं. हे चोरी आहे. मी बाद आहो." आणि भरल्या प्रदर्शनातून चालत जाऊन बाकावर बसले. मुलं खिदळली. मला कुठे तोंड लपवू असं झालं.

काकाजींना रिक्षाकडे नेताना ते बाकापाशी थांबले. सरांनी मान वर केली नाही. काकाजी मला म्हणाले, "याले उठवणारं कोणी हाये का वं इथं?"

ते वाक्य माझ्या जिव्हारी लागलं. त्यानंतर सर वर्गावर जात, शिकवत आणि उरलेला वेळ बाकावर. मुलं जाता-येता "सर, अजून बाद?" विचारत, आणि सर प्रामाणिकपणे "हाव" म्हणत. मी प्रोग्रॅम घेऊन बसले. पुरुषांचं पूर्ण मैदान पुन्हा आखलं आणि एकच प्रश्न धरून ठेवला, की हा गडी इतका रखडतो का? घरी अंगणात रांगोळीवर कुणाचा पाय पडला तर आपण तेवढाच तुकडा नीट करतो, अंगण धूत नाही. मग एका पावलासाठी सगळं मैदान कशाला पुसायचं? जिथून पाय उचलला तेवढं पुसलं, जिथे पडला तेवढं काढलं, जे गडी हलले नाहीत त्यांना हातच लावला नाही. गडी पाण्यासारखा चालायला लागला. मग मी दार सताड उघडलं, पदर खोचला, श्वास भरला आणि मुलांच्या देखत मोठ्यानं "कबड्डी, कबड्डी" म्हणत उभी राहिले. दम पुरला. बाहेर येऊन म्हटलं, "सर, एक मारला."

सर आत आले, पाहिलं, पुन्हा पाहिलं. खूश झाले, पण त्यांच्या खुशीत काहीतरी अडत होतं. काकाजींना घरी नेऊन दाखवायचं मीच ठरवलं, प्राचार्यांची परवानगीही मीच काढली. निघायच्या आदल्या दिवशी सर टेबलाची कड खरवडत म्हणाले, "मॅडम, तिथं मैदान छोटंच राहू द्या ना."

"अहो सर, त्यांनीच तर नावं ठेवली ना? आता पूर्ण मैदान जमलंय."

"हाव. तेही खरं आहे," ते म्हणाले.

रविवारी आम्ही टीव्ही आणि मशीन रिक्षात घालून इंदोऱ्यात गेलो. काकाजींच्या खोलीत आणि दाराबाहेर वस्ती जमलेली. काकाजी खाटेवर बसले, पडदा पाहिला आणि म्हणाले, "आता बरोबर हाये." मी अभिमानानं कळ दाबली. गडी निघाला. काकाजींनी दम घेतला, "कबड्डी, कबड्डी" सुरू झालं. गडी आत शिरला, कोपऱ्यातल्याला शिवला, वळला, आणि काकाजींचा आवाज बारीक होत तुटला. मग खोकला. थांबेचना. छातीत गिरणीतला कापूस बसलेला होता; पायऱ्यांवर त्यांना थांबवलं होतं ते दमानं, गुडघ्यांनी नव्हे. कुणीतरी पाणी आणलं. वस्तीतली माणसं जमिनीकडे पाहू लागली, आणि पडद्यावर माझा गडी जराही न अडखळता मध्यरेषेकडे चालत होता.

काकाजींनी तोंड पुसलं. सरांकडे पाहिलं. "म्हणून छोटं केलं होतं का गा तू?"

"नाही, काकाजी. मशीनच हळू होती. ते चोरी माझीच होती."

काकाजी "बरं" म्हणाले आणि भिंतीकडे वळून आडवे झाले.

सरांना म्हाताऱ्याचा दम ठाऊक होता. पडद्यावर गडी निघाला की काकाजींच्या तोंडून कबड्डी निघणारच, हेही ठाऊक होतं. म्हणून मैदान त्या दमाएवढं केलं, आणि पकडले गेले तेव्हा भर सभेत स्वतःला चोर म्हणवून घेतलं, पण खरं कारण सांगितलं नाही. मी मात्र हुशारी करून पूर्ण मैदान त्यांच्या खाटेपर्यंत नेऊन पोचवलं, तेही अख्ख्या वस्तीसमोर. परतीच्या रिक्षात मी टीव्ही मांडीवर धरून बसले होते आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटत होतं. सर रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याआधी पोचले, चपला काढल्या आणि बाकावर बसले. सर आले, मला पाहून थबकले.

"चला मॅडम, आत."

"नाही, सर. मी बाद आहे."

त्यांनी समजूत घातली नाही. नियम त्यांचाच होता. ते आत गेले. थोड्या वेळानं उघड्या दारातून त्यांचं "कबड्डी, कबड्डी" ऐकू यायला लागलं. मुलं हसली, पण ते थांबले नाहीत, पार दम संपेपर्यंत म्हणत राहिले. मग दारात आले. घाम आलेला, श्वास लागलेला.

"एक मारला," ते म्हणाले. "या, मॅडम."

कोणता मारला, ते मी विचारलं नाही. पायपुसण्यावर पाय पुसले आणि आत गेले.