समुद्रावरून येणारा शेजारी

"लावलंय म्हणू नका, ओढून बघा की!" हे त्याचं नेहमीचं. दाराची कडी असो नाहीतर गॅसचा रेग्युलेटर, स्वतः हिसका देऊन बघितल्याशिवाय गड्याला चैन पडायचं नाही.

कळंब्यात आमच्या शेजारीच राहायचा. पंधरवडा भर समुद्रात, तेलविहिरीच्या प्लॅटफॉर्मवर, पंधरवडा घरी. मी रोज शिरोलीच्या फाउंड्रीत, भट्टीपुढं. हेलिकॉप्टरनं कामावर जाणारा माणूस शेजारी असला की आपल्याला काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. जळायचो मी. उघड सांगतो.

पण खरी आग वेगळीच होती. आमचे वडील, अण्णा, विसरायला लागले होते. त्यांची अंघोळ, औषधं, सगळं मी करायचो आणि माझ्या वाट्याला नुसत्या शिव्या. हा आला, की अण्णा फुलायचे.

एकदा तो त्यांना कामाचं समजावत होता. "काका, विहिरीत खालनं वायूचा लई जोर असतो. म्हणून वाटेत दोन झडपा. एकीनं दगा दिला तर दुसरी हाय. अधनंमधनं त्या मिटायच्या आणि दाबाच्या काट्याकडं बघत बसायचं. काटा चढला, की झडप गळतीया. मग काम बंद. साहेब बोंबलला तरी बंद."

"साहेबाला भीत न्हाईस?"

"साहेबाला कशाला? वायूला भ्यायचं!"

अण्णा मांडीवर थाप मारून हसले. माझ्याशी बोलताना असे कधी हसले होते? मला तरी आठवत नाही.

मग एका दुपारी अण्णा एकटेच घराबाहेर पडले, ते थेट तळ्याच्या काठावर. ओळखीच्या दूधवाल्यानं परत आणलं. मी फाटकाला नवी कडी बसवली. हा सुट्टीवर होता, लगेच हजर. कडीकडं बघितलं आणि त्यानं अण्णांनाच हाक मारली, "काका, चला फिरून येऊ. उघडा फाटक."

अण्णांनी वरून हात घालून कडी झटक्यात काढली.

"काटा चढला की रं!" अण्णाच ओरडले, आणि दोघं पोट धरून हसत सुटले.

त्यानं खाली, बाहेरच्या अंगाला, दुसरी कडी ठोकली आणि परत अण्णांनाच उघडायला लावली. ह्या खेपेला काही निघेना. बायको म्हणाली, "भावजींना किती कळतं!" मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढं त्याला आखातात नोकरी लागली आणि बिऱ्हाड हललं. सुटलो एकदाचा, असं वाटलं मला.

परवा अण्णांना भरवत होतो. त्यांनी एकदम माझा हात धरला आणि तोंडभर हसले. "कवा आलास समुद्रावरनं?"

घास माझ्या हातातच राहिला.

"ऐक," ते हळू आवाजात म्हणाले, "आमचं पोरगं लई चांगलं हाय. लई करतंय माझं. पर त्याला सांगू नगंस. शेफारंल."

ते वाट बघत होते.

"न्हाय सांगत, काका," मी म्हटलं.