दहाच्या आत उघडणारं पान

सकाळचे दहा वाजले तरी श्रीधरभाऊजींच्या नावापुढे हिरवी खूण नव्हती. मी केळफूल सोलत होते, हात तेलकट. ते पदराला पुसून त्यांना फोन लावला. उचलला नाही. मग त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या घोषबाईंना लावला, भाऊजींच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असते. भाऊजी खुर्चीतच गेले होते... याला आता सव्वा महिना झाला.

ते माझे धाकटे दीर. बँकेतून निवृत्त झालेले, बालीगंजला एकटे. मी बेहालाला एकटी. या बंगाली शहरात आमच्यासारखी मराठी म्हातारी माणसं बरीच आहेत, मुलं लांब. त्यांच्यासाठी भाऊजींनी नेटवर एक पान काढलं. रोज सकाळी उघडायचं, आपल्या नावापुढचं बटण दाबायचं, हिरवी खूण उमटली म्हणजे आपण बरे आहोत. दहापर्यंत दाबलं नाही तर जवळच्याने जाऊन बघायचं.

पहिलं पान त्यांच्या मुलीने, मुक्ताने, बंगळुरूहून करून दिलं. दिसायला सुरेख. पण उघडण्याआधी ते चालवणारी सगळी यंत्रणा फोनमध्ये उतरायची. भाऊजी म्हणायचे, कपभर चहाला बोलवायचं आणि आधी पाहुण्याच्या घरी शेगडी धाडायची, त्यातली गत. मुक्ताचं म्हणणं, एकदाच उतरतं, मग राहतं. आता नेट वेगवान आहे, एवढ्यासाठी कोणी पान सोडत नाही. तिच्या फोनवर ते खरंही होतं. माझ्या फोनात जागाच नव्हती, आज उतरलेलं उद्या गायब. पंधरा दिवसांत निम्म्या लोकांनी पान उघडणं सोडलं.

भाऊजी बसने माझ्याकडे आले. माझा फोन धरून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसले. मी आंघोळ करून आले तरी गोल फिरतच होतं. मी चौथी शिकलेली, गोड बोलायला शाळेत शिकवलं नाही. म्हटलं, "भाऊजी, मी याची वाट बघत मेले तर तुम्हाला कळणार कसं?"

ते हसले नाहीत. "वहिनी, हेच मुक्ताला सांगा."

सांगितलं. ती म्हणाली, काकू, नवा फोन पाठवते. भाऊजींनी फोन माझ्या हातून घेतला. "यादीतल्या प्रत्येकाला पाठवणार आहेस?"

बापलेकीचा आठ दिवस अबोला होता. मग सत्तरी उलटलेल्या या हट्टी माणसाने पुस्तकं आणून सगळं पुन्हा लिहिलं. रंग गेले, चित्रं गेली, नावं आणि बटण उरलं. दर शनिवारी माझ्याकडे तपासायला यायचे, कारण यादीतला सगळ्यात रडका फोन माझा. एका शनिवारी मी चष्मा लावेपर्यंत पान उघडलं. सोडून गेलेले एकेक करून परत आले. मी कौतुक केलं नाही. चहा पुन्हा टाकला.

तेराव्यानंतर मुक्ता माझ्याकडे आली, नवा फोन घेऊनच. पान आता तीच सांभाळते. थोडं सुधारू का, विचारत होती. म्हटलं, सुधार, पण आधी माझ्या फोनवर उघडून दाखव. तिने पर्समधून भाऊजींचं घड्याळ काढलं, मनगटावर बांधलं आणि माझा जुना फोन हातात धरून बसली... नवा मी तिला परत न्यायला लावला.

भाऊजींचं नाव यादीतून मीच काढायला सांगितलं. ती जिवंत माणसांची यादी आहे. दहा वाजता मी ती बघते. आसपासच्या कोणाची खूण दिसली नाही, की चप्पल घालते.