वायरअण्णांचं पाईन

वायरअण्णांच्या शर्टाच्या खिशात पेन कधी नसायचं, तांब्याच्या तारेचं भेंडोळं असायचं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मोटारींचं वाइंडिंग करण्यात त्यांचा जन्म गेला, आणि उरलेली तार घरच्या पाईनच्या झाडावर चढली. बसवनगुडीतल्या त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट, माझं नुकतंच लग्न झालं होतं. गच्चीवर पसरट कुंडीतलं ते हातभर उंचीचं, बावीस वर्षांचं झाड पाहून मी म्हणाले, "अय्या, बिचारं वाढलंच नाही!"

"वाढलंय की. तुला बघता येत नाही," अण्णांनी फटकारलं.

ऊटीच्या सहलीहून त्यांच्या बायकोनं ते बोटभर रोप पदरात गुंडाळून आणलं होतं. ती जाऊन आठ वर्षं झाली होती. तिच्याबद्दल अण्णा चकार शब्द काढत नसत, बोलायचे ते झाडाबद्दल. फांदीला तार गुंडाळून हवा तसा बाक द्यायचा, फांदीनं बाक धरला की तार काढायची. पण कशी? "उलगडायची नाही! कटरनं तुकडे करायचे. तांबं वाचवायला जाशील आणि फांदी मोडशील."

मे महिन्यात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते पुण्याला लेकीकडे निघाले आणि झाड माझ्यावर सोपवलं. "मातीत बोट खुपसून बघ. कोरडं लागलं तरच पाणी. बाकी स्वल्प, जरा हात आवर." हे मला मुद्दाम होतं, कारण दिसेल ते घासूनपुसून ठेवायची मला भारी खोड.

पाचव्या दिवशी मांजरांच्या मारामारीत कुंडी लवंडली. झाड मातीतून सुटून आडवं पडलेलं, आणि मुळांवर पांढरी बुरशी! आमच्या माहेरी जखम असो की बुरशी, औषध एकच. हळदीच्या पाण्यात मी मुळं खसाखसा धुतली, पांढरा ठिपका म्हणून ठेवला नाही, आणि झाड परत लावून टाकलं. संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "झाड कसंय?"

"हिरवंगार!" मी म्हणाले. खोटं नव्हतं ते. कुंडी पडल्याचं तेवढं गिळलं.

अण्णा परत आले ते काळा चष्मा लावून तडक गच्चीवर. कुंडीखालच्या भोकापाशी बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि खाली गेले. चार दिवसांनी पाणी घालताना सहज सांगितल्यासारखं म्हणाले, "पाईनच्या मुळांवर बुरशी असते बघ, तीच त्याला जेवू घालते. आणि हे झाड मोठं लबाड. मेलं तरी दोन महिने हिरवंच दिसतं."

त्या दोन महिन्यांत माझा एकच उद्योग. रोज सकाळी गॅसवर भाजी टाकून गच्चीत धावायचं आणि पानांच्या सुया निरखायच्या. हिरव्या. सांगून टाकू का? पण जगलंच तर? मग उगाच कशाला बोंब? अण्णा पाणी घालताना माझ्याकडे एकदा बघायचे आणि झारी ठेवून खाली जायचे. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं व्हायचं.

आषाढात एका सोमवारी सुयांची टोकं तांबूस दिसली. आठवड्याभरात अख्खं झाड विटकरी झालं. मी अण्णांसमोर जाऊन भडाभडा सगळं बोलले. मांजरं, बुरशी, हळद, फोन. आणि ढसाढसा रडले.

"हळद मला पहिल्याच दिवशी दिसली," अण्णा म्हणाले. "कुंडीचं भोक पिवळं झालं होतं. तू कधी सांगतेस, तेवढं बघत होतो."

"अण्णा, त्या दिवशी फोनवर सांगितलं असतं, तर वाचलं असतं का हो?"

अण्णा उठून गच्चीवर झाडापाशी आले. मग म्हणाले, "सरी, बरं. तो कटर दे इकडे."

आणि त्या वाळलेल्या झाडासमोर बसून ते तार तोडायला लागले. बारीक तुकडे, एकेक वेढा. सुया त्यांच्या मांडीवर गळत होत्या. मला बघवेना. म्हटलं, "अण्णा, आता उलगडली तरी चालेल."

"नको," ते म्हणाले, "फांदी मोडेल."