भाऊजींच्या टॉर्चचा आकडा

उजेडावर इतका अविश्वास ठेवणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, सरकारी इमारतींच्या वीज विभागात होते. रायपूर राजधानी झालं आणि साहेबांच्या टेबलांची संख्या एकदम वाढली. त्या प्रत्येक टेबलावर पुरेसा उजेड पडतो की नाही, हे लक्समीटरने मोजत भाऊजी हिंडायचे. निवृत्तीनंतर टेबलं सुटली, पण मोजायची सवय सुटली नाही. स्वतःचं लक्समीटर घेऊन त्यांनी मोर्चा टॉर्चकडे वळवला. डब्यावर छापलेल्या आकड्यांचा त्यांना मनस्वी राग. "डब्यावर काय, काहीही लिहितेत. झोत मोजून दाखव म्हणा," असं ते बूढापारा मोहल्ल्यातल्या दुकानदाराला तोंडावर सुनवायचे, आणि तो बिचारा "हव भैया, हव" म्हणत नवा माल त्यांच्यापासून लपवायचा.

मोजण्याचं त्यांचं सोवळं फार कडक. भर दुपारी मागच्या खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या लावून काळोख करायचा. टॉर्च स्टुलावर दोरीने आवळायची आणि लक्समीटर बरोबर एक मीटर अंतरावर ठेवायचं. "चार बोटं पुढं सरकलं का आकडा फुगते." त्याआधी त्यावर झाकण ठेवून शून्य येतं का ते पाहायचं. पांढऱ्या भिंतीवरून उजेड परत येऊन आकड्यात घुसतो म्हणून भिंतीवर काळं कापड हवं, आणि ते त्यांना ताईच्या संक्रांतीच्या काळ्या साडीत सापडलं. साडीला खिळ्यांची चार भोकं पडली आणि त्या वर्षी ताई हिरव्या साडीत हळदीकुंकवाला गेली. मी पांढरा सदरा घालून आलो तर मला दाराबाहेर उभं करायचे. सगळ्यात मोठा नियम म्हणजे टॉर्च लावल्यावर अर्धं मिनिट थांबायचं. "सुरुवातीले साऱ्याच टॉर्च जोर दाखवतेत. दम धरून पाहायचं असते." माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी मला हाच आशीर्वाद दिला.

पुढे त्यांची स्वतःची जुनी टॉर्च त्यांना मंद वाटायला लागली. सेल बदलले, पुन्हा बदलले, दुकानदाराशी भांडण झालं. एकदा ताईने मला स्वयंपाकघरात ओढून हळूच सांगितलं, "टॉर्च नाही रे ते. काल चहाचा कप टेबलाच्या बाहेर ठेवला यांनी. डॉक्टरकडं चला म्हटलं तर अंगावर येऊन राहिले."

त्याच दुपारी भाऊजींनी मला खोलीत बोलावलं. सगळं सोवळं पार पडलं. टॉर्च लागताच ते म्हणाले, "आकडा तू वाच. माझा चष्मा बाहेर राहिला." चष्मा त्यांच्या नाकावर होता. मोजलेले आकडे ते एका वहीत लिहून ठेवायचे. त्या वहीत या टॉर्चपुढे नेहमी नऊशेच्या आसपासचा आकडा असायचा, आणि आताही समोर नऊशे दहा होते. टॉर्च ठणठणीत होती. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

"साडेचारशे," मी घाईने बोलून गेलो.

"पाहा! सांगत होतो का नाही?" भाऊजींनी वहीत मोठ्या अक्षरांत आकडा लिहिला, सेल काढले आणि टॉर्च माळ्यावर टाकली. त्यानंतर ते डॉक्टरकडे गेले ते आठ महिन्यांनी. काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. उरलेली फार थोडी होती. कुणी मला बोललं नाही, पण ते आठ महिने मी खाल्ले, हे मला ठाऊक आहे.

आता दर रविवारी मी त्यांना त्यांचीच वही वाचून दाखवतो. गेल्या रविवारी ते पान आलं आणि मला राहवलं नाही. "भाऊजी, त्या दिवशी नऊशे दहा होते."

"मले माहीत आहे," ते शांतपणे म्हणाले. "तू अर्धं मिनिट थांबलाच नाही. टॉर्च लागली, का लगेच बोलला."

"मग लिहिला काहून तुम्ही?"

"मलेही तोच पाहिजे होता रे."

मग त्यांनी माळ्यावरची टॉर्च काढायला लावली. नवे सेल घातले, घोंगड्या लावल्या, ताईने आपण होऊन ती भोकांची साडी आणून दिली. बाहेर गल्लीत स्कूटरांचा गोंगाट चालला होता. मी टॉर्च लावली आणि या वेळी नीट थांबलो. अर्धं मिनिट झालं, एक झालं. भाऊजी झोताकडेच तोंड करून बसले होते.

"लाव ना रे आता," ते म्हणाले.